छत्तीस पानं

प्रेसचा भोंगा झाला की जेल रोडवरची माणसं
घड्याळं लावून घ्यायची.
मी त्याच्या आधीच आत,
अंगठ्याला रबरी टोपी चढवून.
माझं काम मोजणं.
छत्तीस पानं, एक शिवण,
पानापानांतून आरपार टोचलेला एकच नंबर.
नाव नाही, फोटो नाही,
कुठं जायचं तेही नाही.
परदेशी जाणारे एवढे लोक
मी कोरे असतानाच पाहिलेत.

छत्तीस. तीन आणि सहा, पाठीला पाठ लावून.
शाळेत बाई म्हणायच्या, हा भांडणाचा आकडा.
मला तो फलाटावरचा वाटायचा.
एक गाडीत चढतोय,
एक घराकडे वळलाय.

शेजारच्या टेबलावर नागदेव मामा.
सहा वर्षांचे असताना कराचीहून बोटीत बसलेले.
पासपोर्ट म्हटलं की हसायचे.
"दंडावर खडूनं आकडा घातला होता.
मुंबईचा धक्का येईपर्यंत घामानं गेला."
मग देवळाली, मिलिटरीच्या बराकी,
गोणपाटाच्या पडद्यांआड नऊ कुटुंबं.
त्यांची आई रोज रात्री भांडी मोजायची.
निघताना चौदा होती, पोचली अकरा.
तरी रोज मोजायची,
आज भरतील चौदा अशी.

रिटायर झाल्यावर मुलीकडे मस्कतला निघाले,
तेव्हा पहिल्यांदा स्वतःसाठी फॉर्म भरला.
जन्मगाव सक्कर.
आणि देश?
खिडकीतला पोरगा जरा थांबून म्हणाला,
"अविभाजित भारत लिहा, काका."
संध्याकाळी माझ्या ओट्यावर बशीत चहा ओतत मामा म्हणाले,
"मालन, त्या देशाची एक तरी पुस्तिका
आपल्या टेबलावरून गेली का गं?"
मी खरंच आठवून पाहिलं.

शरणपूर रोडला रिक्षा सिग्नलवर थांबते.
कोण कुणाला शरण आलं होतं,
कुणी विचारत नाही.
इंग्रजांच्या अमलात गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली
आफ्रिकेची पोरं मिशनवाल्यांनी इथं आणली.
रंधा मारायला शिकवलं, ऐरणीवर उभं केलं.
त्यातली काही पुढं परत गेली आपल्या किनाऱ्याला,
तर तिथं त्यांना म्हणायचे, नाशिकची पोरं.
हे मला मामांनीच सांगितलं,
ओठावरची साय पुसत.
म्हणाले, "बघ, आपलं मशीन यायच्या कितीतरी आधी
गावाचा शिक्का माणसांवर बसलेला."

माझ्या प्रफुल्लचा पासपोर्ट पोस्टानं आला,
तेव्हा मी आधी पानं मोजली.
तो वैतागला, "आई, मोजूनच येतात ती."
मी म्हटलं, "कोण मोजतं?"
त्यावर हसला.
जाताना विमानतळावर मागं वळून
हात हलवला की बॅगेचा पट्टा सारखा केला,
ह्यावर माझं आणि ह्यांचं अजून एकमत नाही.

ह्या दिवाळीत आला.
वेगळ्या रंगाची पुस्तिका, वेगळं राजचिन्ह.
स्वतःच्या घरी यायला परवानगीचा कागद.
सुनेनं विचारलं, जुनी टाकून देऊ का?
मी हातात घेतली.
कोपरा कात्रीनं उडवलेला,
आत आडवा शिक्का, रद्द.

प्रेसमध्ये बिघडलेली पुस्तिका
वहीत नोंदवायची, दोघांनी सही करायची,
मग कापायला द्यायची.
नोंद जुळल्याशिवाय घरी सोडत नसत.

रात्री सगळे झोपल्यावर
मी रबरी टोपी शोधली. मिळाली नाही.
बोटाला थुंकी लावून मोजली.
अकरा पानं शिक्क्यांची, पंचवीस कोरी.
शिवण माझ्या टेबलावरची असावी, पक्की होती.
बिघाड काही सापडला नाही.

पुन्हा मोजली.